अजून न झालेल्या पायाचं कलबूत

११ फेब्रुवारी

देवा, लिहायला उशीर झाला, माफ कर. मुंगी जन्मली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी तुला शब्द दिला होता की रोज चार ओळी लिहीन. त्याला आता दहा आठवडे होत आले. वही होती, पेन होतं, पण पहिली ओळ काय लिहावी तेच सुचेना. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी. जन्मभर लिहिलं ते बुटाच्या तळाला चिकटवायच्या चिठ्ठीवर. डावा, उजवा, दीड बोट उंच. बस.

तू म्हणशील, लिहायचं कशाला, नुसतं बोल की. पण डोळे मिटून तुझ्याशी बोलायला बसलो की दोन मिनिटांत माझं मन कुणाच्या तरी टाचेवर जातं. कागदावर तेवढं भटकत नाही.

मुंगी म्हणजे माझी नात. खरं नाव वेगळं आहे, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि हातपाय सारखे चालायचे, म्हणून मी मुंगी म्हणालो आणि तेच चिकटलं. हातपाय म्हणालो खरा. चालायचा तो उजवा. डावा आत वळलेला होता, तळवा वर आलेला, ओलं फडकं पिळून ठेवावं तसा.

पन्नास वर्षं मी आखूड पायांचे आणि वाकड्या पायांचे बूट करतो. लोक लांबून येतात माझ्याकडे. आणि माझ्याच घरात तू हा पाय पाठवलास. का, म्हणून विचारणार नाही. म्हणजे विचारून झालंय. उत्तर आलेलं नाही.

ही आत्ता चहा घेऊन दुकानात आली. "काय लिहिताय?"

"देवाला लिहितोय."

"त्याला म्हणावं चष्मा घालून वाच. ह्यांचं अक्षर मला लग्नाआधीच्या पत्रात कळलं नव्हतं, म्हणून तर हो म्हणाले."

१२ फेब्रुवारी

आज प्लास्टर बदलायचं नव्हतं, नुसतं दाखवायचं होतं. सूनबाई, मी आणि मुंगी गेलो. मुलगा जहाजावर आहे, तो चार महिन्यांनी येणार.

पायांची डॉक्टरीणबाई वयाने लहान आहे, माझ्या मुलीसारखी. तिने आत्तापर्यंत दर आठवड्याला पाय थोडा थोडा बाहेर वळवून सहा प्लास्टरं घातली. मग टाचेमागची शीर जराशी कापली आणि शेवटचं घातलं, ते पंचवीस तारखेला निघेल. त्यानंतर बूट. दोन छोटे बूट एका दांडीवर बसवलेले, बोटं बाहेरच्या बाजूला. ते तीन महिने दिवसाचे तेवीस तास घालायचे, नंतर फक्त झोपेत. पाय विसरत नाही म्हणे, संधी मिळाली की मागे वळतो.

तयार बूट यायला उशीर लागतोय. सूनबाई पटकन म्हणाली, "आमचे बाबा करतील."

डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून दिलं. टाचेपाशी मागे एक छोटी खिडकी ठेवायची, आत टाच टेकलीय की नाही ते दिसायला. मी म्हणालो, "पाय प्लास्टरात आहे. माप कसं घेऊ?"

"आजोबा, आत्ता आहे तसा नका करू. जसा होणार आहे तसा करा." आणि लांबी-रुंदी कागदावर लिहून दिली.

आमचे वस्ताद सांगायचे, पाय हातात घेतल्याशिवाय कलबूत तासायचं नाही. कलबूत म्हणजे लाकडी पाय, ज्यावर बूट चढवून शिवतात. पन्नास वर्षांत मी हा नियम एकदाही मोडलेला नाही.

आता तुला ते सांगावंच लागेल, नाहीतरी तू बघितलं असशील. माझ्या खालच्या खणात एक कलबूत आहे. मुंगी आठ दिवसांची होती तेव्हा मी तिचा पाय हातात घेऊन माप घेतलं होतं आणि तसंच्या तसं तासलं होतं. वाकडं. म्हटलं, हा काही सरळ व्हायचा नाही, तिला लागणार माझेच बूट, तर आजोबा जिवंत आहे तोवर तयारी असलेली बरी. तोंडाने तुझ्याकडे सरळ पाय मागत होतो आणि हाताने वाकडा तासत होतो.

१५ फेब्रुवारी

ते कलबूत आज फोडलं. काम चांगलं झालं होतं त्याचं.

मग नवीन लाकूड घेतलं. कागदावरचे दोन आकडे सोडले तर हातात काहीच नाही. दर दोन मिनिटांनी वाटतं, चुकलं. तुझ्या मनात काय आहे ते कळलं असतं तर रंधा तरी सरळ चालला असता.

१९ फेब्रुवारी

झालं. सरळ पाय, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. शेजारचा घड्याळवाला हातात घेऊन बघत बसला. म्हणाला, "कुणाचा रे हा?"

"अजून कुणाचाच नाही."

"म्हातारा झालास तू. आधी गिऱ्हाईक बघावं, मग बूट."

तो चेष्टेत म्हणाला, पण मला दिवसभर तेच डाचत राहिलं.

२५ फेब्रुवारी

देवा, पाय सरळ आहे.

प्लास्टर कापलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. सूनबाईने हाक मारली, "बाबा, बघा तरी." बघितलं. बारीक, पांढरा, कातडी सोललेली, उजव्यापेक्षा थोडा लहान. पण सरळ. बूट चढवला तो असा बसला की डॉक्टरीणबाईंनी दोनदा काढून घालून पाहिला. मागच्या खिडकीत टाच दिसली, वाटाण्याएवढी.

पट्ट्याला पाच भोकं ठेवली होती. त्यांनी चौथ्यावर शाईने खूण केली. "ह्याच्यापेक्षा सैल नाही. रडेल. आठवडा, दोन आठवडे रडेल. सैल केलंत तर पाय आत घासून जास्त रडेल आणि वळेल."

मी मान डोलावली. सूनबाईनेही डोलावली. सोमवारपासून ती शिवणाच्या कारखान्यात परत कामाला जाणार. सकाळी मुंगी हिच्याकडे, दुपारी ही पडते तेव्हा दुकानात माझ्याकडे. माझ्या टेबलापाशी टोपली ठेवली आहे, आत मऊ गोधडी.

२८ फेब्रुवारी

रडते.

१ मार्च

आजही. पाय झटकते, दांडी टोपलीवर आपटते. घड्याळवाला म्हणाला, "घड्याळं बंद पडायची माझी." मग तासाभराने स्वतःच एक ठणठण वाजणारं जुनं घड्याळ आणून तिच्यासमोर धरून बसला.

३ मार्च

दुपारी मोजे बदलायला बूट काढला तेव्हा घोट्याच्या वर लाल वळ दिसला. बोटाच्या नखाएवढा. पुन्हा घातला, चौथ्यावर लावला, ती अशी रडली की श्वास अडकला. निळी पडली क्षणभर.

मी तिसऱ्यावर लावला.

लगेच गप्प झाली. माझ्याकडे बघत राहिली, मग झोपली.

वस्तादांचं दुसरं वाक्य असं होतं की पाय दुखला तर चूक बुटाची, पायाची कधीच नाही. त्यावर मी घर चालवलं. आता माझ्याच नातीच्या पायाला माझाच बूट दुखवतो आणि मी बघत राहायचं, हे कसं जमावं? संध्याकाळी सूनबाई यायच्या आत चौथ्यावर लावून ठेवला. तिला उगाच काळजी नको.

५ मार्च

वय झालं माझं. काल संध्याकाळी चौथ्यावर लावलेला पक्का आठवतो. आज सकाळी ही मुंगीला घेऊन आली तेव्हा पट्टा तिसऱ्यावर होता. मी लावायचा विसरलो असणार. सूनबाईचे डोळे सुजलेले होते, म्हणाली रात्री झोप झाली नाही. मी खाली बघून कातडं कापत राहिलो.

१० मार्च

देवा, आज मी जरा जास्तच केलं. डावा बूट ओला करून कलबुतावर चढवून ठेवला, तासभर. त्याने कातडं सैलावतं. गिऱ्हाइकाचा नवा बूट चावत असला की मी नेहमी असंच करतो. तेवढा तासभर मुंगी मोकळ्या पायाने टोपलीत. काय पाय झाडले तिने. हसली. आवाज करून पहिल्यांदा हसली ती, आणि ते ऐकायला मी एकटाच होतो, कुणाला सांगताही येईना.

आता चौथ्यावर लावलं तरी रडत नाही. म्हणजे दोन्ही गोष्टी साधल्या. डॉक्टरीणबाईंचं भोकही राखलं आणि पोरीचा जीवही.

टाचेच्या खिडकीत आज नीट दिसलं नाही. दुकानात उजेड कमी आहे.

१२ मार्च

सकाळी पुन्हा तिसऱ्यावर. मला डोक्याच्या डॉक्टरकडे जायला हवं.

२२ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. चांगले दिवस होते म्हणून. चांगल्या दिवसांत तुझी आठवण कमी होते, ही खोड जुनीच.

मुंगी आता आरीच्या आवाजाने झोपते. मी थांबलो की जागी होते. त्यामुळे काम नसलं तरी जुन्या कातड्यात उगाच भोकं पाडत बसतो. सूनबाई कारखान्यातून येते ती आधी दुकानात येते, पिशवीही खाली ठेवत नाही, मुंगीला घेते आणि तिच्या मानेत तोंड खुपसते. मग मला विचारते, "बाबा, रडली का फार?" मी म्हणतो, "नाही ग. सवय झाली तिला." ती म्हणते, "रात्रीही रडत नाही आता." आणि आम्ही दोघं कुठंतरी तिसरीकडेच बघतो.

२ एप्रिल

पाय वळतोय.

डॉक्टरीणबाईंनी मुंगीचा पाय दोन्ही हातांत धरला आणि बोटं बाहेर वळवून पाहिली. बोटं आत यायला लागली आहेत, टाच उचलली गेली आहे. मला ते खोलीच्या दारातूनच दिसलं. पन्नास वर्षं पाय बघतोय. रोज मांडीवर घेत होतो तेव्हा कसं दिसलं नाही?

त्यांनी विचारलं, "तेवीस तास घालता? पट्टा चौथ्यावर?"

सूनबाई म्हणाली, "हो."

मी मुंगीच्या दुपट्याची घडी घालत राहिलो.

"सगळं नीट पाळूनही वळला असेल तर पाय हट्टी आहे. मग नुसतं प्लास्टर पुरणार नाही. आतले सांधे उघडून ऑपरेशन करावं लागेल. पाय सरळ होतो, पण पुढे ताठरतो, दुखतो. मोठ्या डॉक्टरांशी बोलते. पुढच्या गुरुवारी ठरवू."

परत येताना बसमध्ये सूनबाई मुंगीचे मोजे वर ओढत होती. ते वरच होते.

३ एप्रिल

सकाळी तळ शिवत होतो. मध्येच मनात आलं, सांग.

एवढंच. आवाज वगैरे काही नाही. मी पुढचा टाका घातला.

ते तूच बोललास की मीच, मला कळत नाही. इतकी वर्षं तुझ्याकडून एक अक्षर आलं नाही आणि आलं तर हे? दुपारी जळजळ होत होती, म्हणून गोळी घेतली. जळजळ गेली. ते गेलं नाही.

४ एप्रिल

आज बसून दोन्ही बाजू मांडल्या.

सांगितलं तर डॉक्टरीणबाईंना कळेल की पाय हट्टी नाही, आजोबा हट्टी आहे. मग कदाचित नुसती प्लास्टरं पुरतील. कदाचित. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

सांगितलं तर सूनबाई मुंगीला माझ्याकडे ठेवणार नाही. का ठेवावं तिने? तिची बहीण दुसऱ्या शहरात आहे, तिकडे जाईल. मुलगा जहाजावरून येईल तो सरळ तिकडेच. आणि टोपली रिकामी.

म्हणजे जे नक्की घडणार आहे ते वाईट, आणि चांगलं आहे ते कदाचितवर. असा सौदा कुणी गिऱ्हाइकाने मांडला असता तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

तू आधी सांग की पाय सरळ होईल. मग मी सांगतो. हे तुला पटत असेल तर उद्या सकाळपर्यंत काहीतरी खूण कर.

५ एप्रिल

खूण नाही.

दुपारी हिला म्हणालो, "समज, देवाने एखादी गोष्ट करायला सांगितली आणि पुढे काय होईल ते सांगितलंच नाही, तर?"

ही भाजी निवडत होती. "मग करायची."

"आणि वाईट झालं तर?"

"तुम्ही मला लग्नात विचारलं होतं का, पुढे काय होईल म्हणून? केलंत की नाही?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? उलट ह्यात तर समोरचा देव आहे. तिथे मी होते." मग भाजीची टोपली माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मुकाट्याने निवडा. सरळ पायाचं कलबूत न बघता केलंत ना? तेव्हा कुठे विचारलं होतं आधी पाय दाखव म्हणून?"

"तेव्हाही विचारलं होतं," मी म्हणालो.

"मिळाला होता दाखवायला?"

"नाही."

"मग?"

६ एप्रिल

सांगितलं.

रविवार होता. सूनबाई खाटेवर बसून धुतलेले मोजे जोडीने लावत होती. मुंगी तिच्यापाशी झोपलेली. मी दारात उभा राहिलो. बसलो असतो तर उठून गेलो असतो.

म्हणालो, "सूनबाई, पट्टा मी सैल करत होतो."

तिचा हात थांबला.

"दुपारी. रोज. आणि बूटही ओला करून सैलावला. तासभर काढूनही ठेवत होतो. पायाचा काही दोष नाही. दोष माझा आहे. डॉक्टरीणबाईंना सांग. म्हणजे मीच येऊन सांगतो."

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून. ती निळी पडली होती ग. मला ते बघवेना."

मला वाटलं होतं ती ओरडेल. त्याची मी तयारी केली होती, काय बोलायचं नाही ते ठरवून ठेवलं होतं. पण ती रडायलाच लागली. हातातले मोजे तोंडावर धरून, आवाज न करता, खांदे हलत होते नुसते. मी घाबरलो. म्हणालो, "हवं तर मुंगीला बहिणीकडे घेऊन जा. मी काही म्हणणार नाही."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही थोडा वेळ गप्प बसाल का?"

मी दाराला टेकलो. मोजे खाली ठेवून ती म्हणाली, "तुम्ही मला सांगितलंत." हेच दोनदा म्हणाली. मग मुंगीला उचलून आत गेली आणि दार लावलं.

स्वयंपाकघरात ही उभी होती. "झालं एकदाचं. मी वाट बघत होते."

"तुला माहीत होतं?"

"तुमची आरी हरवली की कुठे आहे ते मला माहीत असतं. हे नसेल माहीत?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुठे बघवत होतं," ती म्हणाली आणि नळ सोडला.

देवा, मी केलं. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही नाही. तू सांगितलेलं मी केलं, एवढंच फक्त खरं आहे आत्ता.

१० एप्रिल

आज गुरुवारी मी सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. भोकं, पाणी, कलबूत, तास. त्या लिहून घेत होत्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आजोबा, हे आज कळलं ते फार महत्त्वाचं आहे. मग आधी प्लास्टरच करून पाहू. जमेलच असं नाही सांगत."

मग सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही मुंगीला घेऊन जरा बाहेर बसता? मला एकटीला बोलायचंय."

मी बाहेर बाकावर बसलो. दाराला काच होती. सूनबाई खाली मान घालून बोलत होती, आणि बोटं दाखवत होती. चार, मग तीन. एकदा हाताने झोपल्याची खूण केली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला, पाण्याचा पेला दिला. बिचारी. माझ्याबद्दल किती सांगायचं साठलं असेल तिच्याकडे. मी मुंगीला काचेपासून दुसरीकडे वळवून धरलं.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. जिन्यावर तिने माझा हात धरला. पूर्वी कधी धरला नव्हता. मला दया दाखवत असावी.

१४ एप्रिल

गेल्या.

प्लास्टर मोठ्या दवाखान्यात करायचं ठरलं, तो तिच्या बहिणीच्या शहरात आहे. पाच-सहा आठवडे. डॉक्टरीणबाईंनीच पाठवलं, असं सूनबाई म्हणते. मी काही विचारलं नाही. ती मला वाईट वाटू नये म्हणूनही तसं म्हणेल, तेवढी चांगली आहे ती.

कारखान्यातून बिनपगारी रजा मिळाली. परत घेतील की नाही ते सांगितलं नाही.

बसमध्ये चढताना मुंगीने माझी मिशी धरली आणि सोडेना. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, एक तर मिशी द्या नाहीतर तिकीट काढा." सगळे हसले. मी पण हसलो.

१७ एप्रिल

आज दुपारभर जुन्या कातड्यात भोकं पाडत बसलो. घड्याळवाला येऊन बघून गेला. तो न बोलता गेला हे पहिल्यांदाच.

२६ एप्रिल

फोन आला. दुसरं प्लास्टर झालं. पाय ऐकतोय का, विचारलं. सूनबाई म्हणाली, "आत्ताच काही सांगत नाहीत." मागून मुंगीचा आवाज येत होता. मी म्हणालो, फोन तिच्या कानाला लाव. लावला. मग मी आरी घेऊन कातड्यावर ठोकली. पलीकडे शांत झालं.

६ मे

पुन्हा फोन. शेवटचं प्लास्टर लागलं आहे, ते एकोणीसला निघेल. पाय नवीन बुटात टिकतो की नाही त्यावर सगळं. नाहीतर ऑपरेशन.

"बाबा, बूट लागतील," सूनबाई म्हणाली. "माप लिहून घ्या."

"तिकडे मिळत नाहीत का तयार?"

"मिळतात." मग म्हणाली, "तुम्हीच करा."

मी लिहून घेतलं. इतक्या मोठ्या शहरातले बूट बरोबर नसावेत, नाहीतर माझ्यासारख्याला कोण सांगेल पुन्हा?

शेवटी ती म्हणाली, "आणि बाबा, ह्या वेळी पट्ट्याला एकच भोक पाडा."

"एकच?"

"एकच. बाकी काही ठेवूच नका."

फोन ठेवल्यावर कान तापले होते माझे. ती म्हणाली ते बरोबरच आहे. माझ्या हाताचा भरवसा नाही, आणि हे तिने किती सभ्यपणे सांगितलं. हिला सांगितलं तर ही माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, मुंगी तिथे आहे आणि तुम्ही इथे. भोक तुमच्यासाठी कसं असेल?" मला तिचं म्हणणं समजलं नाही.

९ मे

कलबूत झालं. ह्या वेळी वाकडं दुसरं कुठे तासून ठेवलेलं नाही. खण बघायचा असेल तर बघ.

कातडं जाड घेतलं, न सैलावणारं. आतून मऊ अस्तर, घोट्यापाशी दुहेरी. जिथे वळ उठला होता तिथे शिवण येऊच दिली नाही. दुखणार तर आहेच. पण बुटाच्या चुकीने दुखणार नाही, एवढं मी करू शकतो. वस्तादांना हे सांगायला हवं होतं की एक दुखणं असंही असतं ज्यात चूक कुणाचीच नसते.

१० मे

सगळं झालं, फक्त भोक राहिलं.

सकाळपासून आरी हातात घेतोय आणि ठेवतोय. पाच भोकं असली की माणसाला पळवाट असते. एकच पाडायचं तर ते बरोबर जागी हवं, आणि पाय तर प्लास्टरात, दोनशे मैलांवर. एक सूत अलीकडे गेलं तर सैल, पलीकडे गेलं तर पट्टा लागणारच नाही. कागदावरचा आकडा चौदा वेळा वाचला. तुला विचारलं, इथे? की इथे? तू नेहमीसारखाच.

ही दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली, मांडीवर हात ठेवून.

पाडलं.

ठोकल्यावर बघितलंही नाही लगेच. मग बघितलं. एक भोक आहे. बरोबर आहे की नाही ते मला कळायला मार्ग नाही.

१२ मे

बूट आज सकाळच्या बसने ड्रायव्हरच्या हाती पाठवले. त्याला चारदा बजावलं, खाली ठेवू नको, उन्हात ठेवू नको. तो म्हणाला, "आजोबा, आत काय आहे, काच?" म्हणालो, "बूट." तो हसला. नंतर त्याने खोका आपल्या सीटच्या मागे अंगरख्यात गुंडाळून ठेवला, ते मी बघितलं.

आत चिठ्ठी घातली आहे. सूनबाई, घट्ट लाव. रडेल. तूही रडशील, तेव्हा माझी आठवण काढ, मीही इकडे तेच करत असेन. पाय सरळ राहिला नाही तरी तू इकडेच ये. तिला कसाही पाय असला तरी बूट करणारा आजोबा आहे, आणि तुला घर आहे. हे आधीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, कारण मला वाटत होतं की मी ते बोलायच्या लायकीचा राहिलो नाही.

देवा, तू सांगितलंस ते सगळं झालं आता. निदान मला जेवढं ऐकू आलं तेवढं. सांग म्हणालास, सांगितलं. जाऊ दे म्हणालास, जाऊ दिलं. न बघता कर म्हणालास, केलं. आता माझ्या हातात काही उरलेलं नाही, आणि रिकाम्या हातांची मला सवय नाही. पायाचं काय ठरवलं आहेस ते मी विचारत नाही. खोटं कशाला बोलू, विचारतोच आहे, पण तुला सांगायचं नसेल तर राहू दे. फक्त एकोणीस तारखेला ते प्लास्टर कापतील तेव्हा तू तिथे आहेस आणि त्या दोघींपैकी कुणी एकटी नाही, एवढं लवकर कळव. तुझं माझ्याशी बोलणं कमीच असतं, हे मला माहीत आहे. तुला जमणार नसेल तर सूनबाईला सांग, तिच्याकडे दुकानाचा नंबर आहे. मी फोनपाशीच आहे.